काचेआडच्या वस्तू

प्रस्तावना



'संग्रहालय' हा शब्द ऐकला, की राजेमहाराजांच्या तलवारी, भग्न मूर्ती आणि जुनी नाणी आपल्या डोळ्यांसमोर येतात. अशा ठिकाणी शिकलेल्या माणसांनीच जावे, आपल्याला तेथे काय कळणार, असेही अनेकांना वाटते. तुमच्याही मनात असा विचार कधी आला असेल. प्रस्तुत पाठात रायपूर येथील प्रौढ विद्यार्थ्यांच्या एका गटाने पुण्यातील संग्रहालयांना दिलेल्या भेटीचे वर्णन आहे. लेखिका या विद्यार्थ्यांना संग्रहालय दाखवण्यासाठी गेल्या होत्या. परंतु एका दालनात त्यांच्याच विद्यार्थिनीने त्यांना काहीतरी दाखवले. ते काय होते, हे जाणून घेण्यासाठी पाठ लक्षपूर्वक वाचा.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला :

1. सर्वसाधारण संग्रहालय आणि विशेष संग्रहालय यांतील फरक सांगता येईल;
2. पुण्यातील काही संग्रहालयांची माहिती देता येईल;
3. एखादी वस्तू पाहताना कोणते प्रश्न विचारावेत, हे स्पष्ट करता येईल;
4. आपल्या घरातील वस्तूचे नोंदपत्र लिहिता येईल;
5. 'आलय' हे पद असलेल्या शब्दांचा संधिविग्रह करता येईल.

मूळ पाठ

1

रायपूरच्या समता कॉलनीत आमचे घर आहे. काही वर्षांपूर्वी त्या घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा माळ्यावरची अडगळ खाली उतरवावी लागली. एका गोणीत आईच्या वेळचे पितळी डबे, एक फुटका कंदील, दांडी वाकलेला झारा आणि एक लोखंडी अडकित्ता होता. अडकित्त्याच्या खिळीला गंज चढला होता. आमच्या घरी आता सुपारी कोणी खात नव्हते. मी ती गोणी दाराशी आलेल्या भंगारवाल्याला दिली. त्याने वजन करून पैसे दिले, मी ते मोजून घेतले आणि विषय संपला असे मला वाटले.

त्यानंतर वर्षभराने मी आमच्या अभ्यासवर्गातील अकरा विद्यार्थ्यांना घेऊन पुण्याला गेले. हे विद्यार्थी म्हणजे संसारात पडलेली, कष्ट करणारी माणसे होती. त्यांत एक रिक्षाचालक होता, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी होत्या, बस्तरकडचा एक गोंड तरुण होता आणि चार घरी स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी होत्या. मावशींचे माहेर भंडारा जिल्ह्यातले. तिसरीत असताना त्यांची शाळा सुटली ती साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा सुरू झाली होती. निघण्यापूर्वी त्या मला म्हणाल्या, "बाई, मी तिथं येऊन काय करू? मला त्यातलं काय कळणार?" मी त्यांची समजूत घातली. पण मलाही त्या वेळी असेच वाटत होते, की त्यांना सर्व काही मीच समजावून सांगायचे आहे.

आझाद हिंद एक्सप्रेसने आम्ही निघालो. वाटेत मी त्यांना विशेष संग्रहालय म्हणजे काय, ते सांगितले. सर्वसाधारण संग्रहालयात शिल्पे, चित्रे, शस्त्रे, प्राणी, खनिजे अशा नाना प्रकारच्या गोष्टी एकत्र असतात. विशेष संग्रहालय मात्र एकच विषय हाती घेते आणि त्याच्या तळापर्यंत जाते. युरोपातील जुन्या शहरांत अशी संग्रहालये पुष्कळ आहेत. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात केवळ घड्याळांचे संग्रहालय आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे शहर शतकानुशतके खेळणी बनवण्यासाठी प्रसिद्ध. तेथे खेळण्यांचे संग्रहालय आहे. बेल्जियममधील अँटवर्प येथे सोळाव्या शतकापासून चालत आलेला एक छापखानाच 1877 साली संग्रहालय झाला. तेथे जुने छपाईयंत्र, खिळे आणि मुद्रितशोधकांची टेबले त्यांच्या मूळ जागी पाहायला मिळतात. जे शहर दीर्घकाळ एखादे काम करत आले, ते त्या कामाची आठवण जपून ठेवते.

"मग पुण्यात कशाचं आहे?" रिक्षाचालक विद्यार्थ्याने विचारले.

"घरातल्या वस्तूंचं," मी म्हणाले.

सगळे हसले. घरातल्या वस्तू पाहायला इतक्या दूर कशाला जायचे, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

2

पुणे हे पेठांचे शहर आहे. त्यातील शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ, राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 सालचा. ते 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला. त्या काळी पेशवाईतले वाडे मोडकळीस येत होते. वाड्यांतील दिवे, दारे, भांडी मोडीत निघत होती. तांब्या-पितळेच्या वस्तू वितळवून त्यांची नवी भांडी केली जात होती. केळकर गावोगाव हिंडले. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या गोठ्यातून, तर कधी मोडीच्या ढिगातून त्यांनी वस्तू मिळवल्या. केवळ महाराष्ट्रापुरते न थांबता त्यांनी गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडील प्रांत पालथे घातले. या कामी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. दुःख पोटात घालून माणसे जगतात. केळकरांनी आपल्या दुःखातून इतरांचा ठेवा राखला. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. 1980 साली त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरवण्यात आले. 1990 साली त्यांचे निधन झाले.

आज या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांतील थोड्याच मांडलेल्या आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्याचे एक दालन येथे पुन्हा उभारले आहे. परंतु या संग्रहालयाचे खरे वैभव लहान वस्तूंत आहे. दिव्यांचेच पाहा. समई, लामणदिवा, हातात पणती घेऊन उभी असलेली दीपलक्ष्मी, पक्ष्याच्या आकाराचा दिवा. तेल, वात आणि ज्योत ही तीनच तत्त्वे, पण रूपे किती! दौती, कुलुपे, फण्या, पानाचे डबे, गंजिफा, सोंगट्या, वाद्ये, कोरीव दारे पाहत आम्ही पुढे सरकत होतो.

आणि मी एका कपाटासमोर थांबले. तेथे अडकित्ते मांडले होते. कोणी पोपटाच्या आकाराचा, कोणी घोड्याच्या, कोणी स्त्री-पुरुषाच्या जोडीचा. त्या नक्षीदार अडकित्त्यांपुढे आमच्या आईचा अडकित्ता अगदीच साधा होता. तरी त्याची आठवण होऊन माझा कंठ दाटून आला. दुपारची जेवणे उरकली, की आई ओसरीवर बसून सुपारी कातरत असे. त्या कटकट आवाजावरून आम्ही मुले ओळखत असू, की आता आई मोकळी आहे. तिच्याजवळ जाऊन बसायला हरकत नाही. तो अडकित्ता मी किलोच्या भावाने विकला होता. एका माणसाने लोकांच्या माळ्यावरच्या वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि मी माझ्या माळ्यावरची एक वस्तू राखू शकले नाही.

3

पुढच्या कपाटात वजऱ्या होत्या. वजरी म्हणजे स्नानाच्या वेळी पायांच्या टाचा घासण्याचे साधन. तिचा तळ आडव्या-उभ्या रेघांनी खरबरीत केलेला असतो आणि वरची मूठ मोर, हत्ती किंवा मानवी आकृतीची असते. काही वजऱ्या पोकळ असून आत बारीक खडे असतात. घासताना त्यांचा मंजूळ नाद होतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या काही मुली त्या कपाटासमोर उभ्या होत्या. ही कागदावर ठेवायची वजने असावीत, असा त्यांचा तर्क चालला होता. खालची चिठ्ठी वाचूनही त्यांना वापर नीट उमगत नव्हता.

मावशी हळूच पुढे झाल्या. त्यांनी आपला एक पाय दुसऱ्या पायावर टेकवला, हातात काही धरल्यासारखी मूठ केली आणि टाच घासण्याची क्रिया करून दाखवली. "अशी धरायची, अन् पाणी टाकत अशी फिरवायची. आत खडे असले, की छुमछुम वाजते." मुली कौतुकाने पाहत राहिल्या. त्यांनी प्रश्न विचारले, मावशींनी उत्तरे दिली. मी मागे उभी राहून ऐकत होते.

मुली गेल्यावर मी विचारले, "मावशी, तुमच्या घरी होती का अशी वजरी?"

"आमच्या घरी कुठली, बाई!" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे विटेचा तुकडा होता. ही मालगुजाराच्या वाड्यात होती. माझी आई तिथं कामाला जायची. मालकीणबाईंच्या टाचा तीच घासायची. मी लहान होते, न्हाणीच्या दाराशी बसून आवाज ऐकत राहायची." थोडा वेळ थांबून त्या पुढे म्हणाल्या, "या चिठ्ठीत लिहिलंय ते बरोबर आहे. पण अर्धंच आहे. टाच कोणाची ते कळतं. हात कोणाचा ते कुठं लिहिलंय?"

मला उत्तर देता आले नाही. मराठीची एम.ए. झालेली मी, त्या वजरीची मूठ पाहत होते, तिच्यावरची नक्षी पाहत होते. ती मूठ धरणारा हात मला दिसला नव्हता. मावशींना तोच आधी दिसला.

4

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी दोन ठिकाणे पाहिली. कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून ते साकार झाले आणि 1998 साली लोकांसाठी खुले झाले. तेथे एक छोटे शहरच वसवले आहे. दिवे मंद होतात, सिग्नल बदलतो आणि वाफेच्या इंजिनापासून आधुनिक गाड्यांपर्यंत सर्व आगगाड्या आपापल्या रुळांवरून धावू लागतात. आमचा रिक्षाचालक विद्यार्थी लहान मुलासारखा पुढे वाकून पाहत होता. एका रुळावर गाडी असताना दुसरी तेथे का येत नाही, हे त्याने तेथील कर्मचाऱ्याकडून समजून घेतले. पुस्तकातील 'स्वयंचलित' हा शब्द त्याला त्या क्षणी कळला.

त्यानंतर आम्ही आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय पाहिले. वारली, भिल्ल, कोरकू, कातकरी, गोंड, माडिया अशा जमातींचे जीवन तेथे मांडले आहे. मासे धरण्याच्या बांबूच्या साधनांपाशी आमचा गोंड तरुण बराच वेळ उभा होता. तो म्हणाला, "बाई, हे जुनं नाही. आमच्या घरी आजही आहे. गेल्या पावसाळ्यात मीच एक विणलं." एखादी वस्तू काचेआड गेली, की तिचा काळ संपला असे पाहणारा समजतो. तसे नेहमीच नसते, हे त्याच्यामुळे आम्हा सर्वांच्या ध्यानात आले.

त्या रात्री मुक्कामी आम्ही एकत्र बसलो. वस्तू पाहताना काय विचारावे, याची एक यादी सर्वांनी मिळून केली. ती अशी :

- ही वस्तू कशाची बनवली आहे?
- ती कोणी बनवली असेल?
- ती कोणत्या कामासाठी होती?
- तिची मालकी कोणाची होती आणि ती प्रत्यक्ष कोणाच्या हातात असे?
- ती आज कोठे वापरली जाते का? नसल्यास तिची जागा कशाने घेतली?

यांतील चौथा प्रश्न मावशींचा आहे.

5

रायपूरला परतल्यावर आम्ही आपल्याच गावातील महंत घासीदास स्मारक संग्रहालय पाहायला गेलो. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी 1875 साली स्थापन केलेले हे संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. त्याच्या सध्याच्या इमारतीचे उद्घाटन 1953 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूरच्या सुंदर धातुमूर्ती येथे आहेत. शिवाय येथे एक लाकडी खांब आहे. तो छत्तीसगडमधील किरारी या गावच्या तलावात 1921 साली सापडला. त्यावर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे होती. शतकानुशतके पाण्यात टिकलेले ते लाकूड बाहेर काढताच उन्हाने वाळू लागले, त्याचे पापुद्रे सुटले आणि अक्षरे गळून गेली. सुदैवाने त्यापूर्वीच गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी दिसतील तशी अक्षरे कागदावर उतरवून घेतली होती. म्हणूनच पुढे विद्वानांना तो लेख वाचता आला. त्यात राज्यकारभारातील माणसांची पदे आहेत : सेनापती, गणक, पत्रे पोचवणारा लेखहारक आणि पाकशाळेचा अधिकारी महानसिक.

"म्हणजे स्वयंपाकाचं खातंही खांबावर होतं!" मावशी म्हणाल्या आणि प्रसन्न हसल्या.

वर्गात मी सर्वांना एक गृहपाठ दिला. संग्रहालयात प्रत्येक वस्तू आली, की तिला क्रमांक देतात आणि नोंदवहीत तिची माहिती लिहितात. जिची नोंद नाही, ती वस्तू असून नसल्यासारखी. कारण ती कोठून आली, कोणाची होती, हे कालांतराने कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा आपल्या घरातील एका वस्तूचे नोंदपत्र लिहून आणा, असे मी सांगितले.

मावशींनी आणलेले नोंदपत्र मी जपून ठेवले आहे. त्यांच्या अनुमतीने ते येथे देत आहे.

*वस्तूचे नाव : पायली (धान्य मोजण्याचे माप).*
*कशाची : लाकडाची. काठाला लोखंडी पट्टी.*
*कोठून आली : माझ्या माहेरून, भंडारा जिल्हा.*
*कोणी बनवली : गावच्या सुताराने. त्याचे नाव विचारायचे राहून गेले.*
*काम : धान मोजणे.*
*कोणाच्या हातात असे : माझ्या आईच्या. मालकाच्या घरून मिळालेली धानाची मजुरी आई घरी आणून हिने पुन्हा मोजत असे. आईला लिहिता येत नव्हते, पण मोजता येत होते.*
*आज : आमच्या घरी आहे. तांदूळ हिनेच मोजते. विकायची नाही.*

शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. नोंदपत्रात असे वाक्य लिहीत नाहीत. तरी मी ते तसेच राहू दिले.

त्या संध्याकाळी मीही एक नोंदपत्र लिहिले. नाव : अडकित्ता. कशाचा : लोखंडाचा. कोणाच्या हातात असे : माझ्या आईच्या. आज : नाही.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.

1. लेखिकेने आईचा अडकित्ता —
(क) संग्रहालयाला दिला (ख) भंगारवाल्याला विकला (ग) मावशींना दिला (घ) जपून ठेवला

2. महाविद्यालयीन मुलींना वजऱ्या म्हणजे — वाटल्या.
(क) खेळणी (ख) दौती (ग) कागदावर ठेवायची वजने (घ) कुलुपे

3. किरारी येथील लेख वाचता आला, कारण —
(क) लाकूड पाण्यात सुरक्षित राहिले (ख) खांबावरील अक्षरे दगडासारखी टिकली (ग) अक्षरांची नक्कल वेळीच केली गेली (घ) खांब लगेच संग्रहालयात नेला

(आ) रिकाम्या जागा भरा.

1. दिनकर केळकर ______ या टोपणनावाने कविता लिहीत.
2. महंत घासीदास संग्रहालयाची स्थापना ______ साली झाली.
3. अँटवर्प येथील ______ संग्रहालयात रूपांतरित झाला.

शब्दार्थ

अडगळ – निरुपयोगी म्हणून बाजूला टाकलेल्या वस्तू
खिळी – दोन भाग जोडणारा लहान खिळा
मोड – मोडकी, वितळवण्याजोगी भांडी
गंजिफा – गोल पत्त्यांचा जुना खेळ
मालगुजार – पूर्वीच्या मध्य प्रांतात सरकारला शेतसारा भरणारा गावाचा जमीनदार
न्हाणी – आंघोळीची जागा
पापुद्रा – पातळ थर
गणक – हिशेब ठेवणारा
अनुमती – परवानगी

चला, समजून घेऊ या

या पाठात दोन अडाणीपणांचे दर्शन घडते. 'मला काय कळणार?' असे म्हणणाऱ्या मावशींना आपल्याजवळच्या ज्ञानाची जाणीव नाही. लेखिकेला पुस्तकी ज्ञान आहे. परंतु आईच्या वस्तूचे मोल तिला वेळेवर कळले नाही. संग्रहालयात या दोघींची दृष्टी बदलते. मावशी बोलू लागतात आणि लेखिका ऐकू लागते.

'टाच कोणाची ते कळतं. हात कोणाचा ते कुठं लिहिलंय?' हे वाक्य पाठाचा गाभा आहे. वस्तूच्या इतिहासात मालकाचे नाव सहज टिकते; बनवणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचे नाव बहुधा हरवते. मावशींच्या नोंदपत्रात मात्र आईचा हात आला आहे. सुताराचे नाव 'विचारायचे राहून गेले' अशी प्रामाणिक कबुलीही त्यात आहे. ज्याची नोंद वेळीच होत नाही ते हरवते, हे किरारीचा खांब आणि अडकित्ता या दोन्ही उदाहरणांतून दिसते. खांबावरची अक्षरे एका माणसाने उतरवून घेतली. अडकित्त्याची नोंद मात्र तो गेल्यावर झाली.

भाषाभ्यास

(अ) संधी : 'संग्रहालय' हा शब्द 'संग्रह + आलय' असा बनला आहे. 'आलय' म्हणजे स्थान किंवा घर. पहिल्या पदाच्या अंती असलेला 'अ' आणि पुढील 'आ' एकत्र येऊन 'आ' होतो. जवळजवळ येणाऱ्या दोन स्वरांचा असा संयोग होतो, त्याला स्वरसंधी म्हणतात.

ग्रंथ + आलय = ग्रंथालय (अ + आ = आ)
विद्या + आलय = विद्यालय (आ + आ = आ)

पुढील शब्दांचा संधिविग्रह करा : हिमालय, वाचनालय, शिवालय.

(आ) वाक्प्रचार : अर्थ समजून घ्या आणि स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.

कंठ दाटून येणे – गहिवरणे
पालथे घालणे – सर्वत्र फिरून शोधणे
दुःख पोटात घालणे – दुःख मनातच ठेवून सहन करणे
मोडीत निघणे – निरुपयोगी ठरून विकले जाणे

(इ) बोली आणि प्रमाणभाषा : मावशींच्या बोलण्यात 'लिहिलंय', 'कुठं', 'अन्' ही रूपे आली आहेत. त्यांची प्रमाण लेखनातील रूपे 'लिहिले आहे', 'कुठे', 'आणि' अशी आहेत. बोलण्यातील रूपे अशुद्ध नसतात. संवाद लिहिताना ती योग्यच ठरतात. मात्र नोंदपत्र, अर्ज किंवा निबंध लिहिताना प्रमाण रूपे वापरावीत. मावशींनीही आपल्या नोंदपत्रात तसेच केले आहे, हे पाहा.

तुम्ही काय शिकलात

- विशेष संग्रहालय एकाच विषयाचा सखोल परिचय करून देते.
- दिनकर केळकर यांनी मोडीत निघणाऱ्या दैनंदिन वस्तू जमवून मोठा सांस्कृतिक ठेवा राखला.
- वस्तू पाहताना तिचा मालक, तिचा कर्ता आणि ती वापरणारा या तिघांचाही विचार करावा.
- अनुभवातून आलेले ज्ञान हेही ज्ञानच आहे. ते लिहून ठेवले तर टिकते.

पाठान्त प्रश्न

1. सर्वसाधारण संग्रहालय आणि विशेष संग्रहालय यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
2. अडकित्त्यांचे कपाट पाहून लेखिकेच्या मनात कोणते विचार आले?
3. 'या चिठ्ठीत लिहिलंय ते बरोबर आहे. पण अर्धंच आहे,' असे मावशी का म्हणाल्या? तुमच्या शब्दांत लिहा.
4. 'हे जुनं नाही,' या गोंड तरुणाच्या उद्गारामागील अर्थ स्पष्ट करा.
5. 'विकायची नाही' हे वाक्य लेखिकेने नोंदपत्रात तसेच का राहू दिले असावे?
6. तुमच्या गावात संग्रहालय उभारायचे ठरले, तर ते कोणत्या विषयाचे असावे? सकारण लिहा.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणची एक जुनी वस्तू निवडा. मावशींच्या नमुन्याप्रमाणे तिचे नोंदपत्र तयार करा. माहिती देणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे नाव त्यावर अवश्य लिहा. वस्तू बनवणाऱ्याचे नाव ठाऊक नसेल, तर आजच विचारा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) 1. (ख) 2. (ग) 3. (ग)
(आ) 1. अज्ञातवासी 2. 1875 3. छापखाना